दोंडाईच्याची सुईवाली

दिपमालाचं घर दोंडाईच्यात आज कुणालाही विचारा, "ती सुईवाली का?" असं म्हणून लोक थेट दारापर्यंत नेऊन सोडतील. पण पहिल्या वर्षी हेच नाव लोक नाक मुरडून घेत होते. सुईवाली म्हणजे गोधड्या शिवणारी, नाहीतर कान टोचणारी. बी.एस्सी. झालेल्या सुनेनं माणसांना सुया टोचत बसायचं, हे काय खूळ?

खूळ लागलं ते डोकेदुखीतून. दुसऱ्या बाळंतपणानंतर दिपमालाचं अर्धं डोकं असं काही उठायचं, की डोक्याला फडकं आवळून अंधार करून पडून राहावं लागे. धुळ्याला दाखवलं, तपासण्या झाल्या, गोळ्या झाल्या. गोळी घेतली की दुखणं बसायचं आणि गोळीचा अंमल उतरला की पुन्हा ठाण मांडायचं. शेवटी जळगावला कुणीतरी नवीनसरांचं नाव सांगितलं. सर साठीचे, अ‍ॅक्युपंक्चर करणारे आणि शिकवणारेही. त्यांनी तीन बोटांनी नाडी पाहिली, जीभ पाहिली आणि हातापायांत केसाएवढ्या सुया टोचल्या. दुखणं डोक्यात आणि सुया पायात! दिपमाला मनात म्हणाली, गेला आजचा दिवस वाया. पण सातव्या-आठव्या खेपेला तिच्या लक्षात आलं, की पंधरा दिवसांत फडकं हातात घेतलेलं नाही.

"सर, हे मला शिकता येईल?" तिनं विचारलं.

सर हसले. "डोकेदुखी थांबली की लोक पेढे आणतात. तू प्रवेशाचा अर्ज मागतेस."

झालं, दर शनिवार-रविवार दोंडाईच्याहून सकाळची गाडी, नरडाणा, अमळनेर करत जळगाव. दोन वर्षं. अंगावरचे तीनशे एकसष्ट बिंदू पाठ करायचे म्हणजे चेष्टा नव्हे. नावं चिनी, जिभेला वळण नाही. पण एकेका नावाचा अर्थ कळला की बाईला गंमत वाटायची. गुडघ्याखाली चार बोटांवर एक बिंदू आहे, त्याच्या नावाचा अर्थच 'पायाचे तीन मैल'. चालून थकलेला माणूस तो दाबून आणखी तीन मैल चालायचा म्हणे. चार बोटं कुणाची? ज्याचा पाय त्याचीच. पट्टी नाही, टेप नाही, प्रत्येकाचं माप त्याच्याच हातात. यिन आणि यांग शिकवताना बाकीचे विद्यार्थी डोकं खाजवत बसले, पण दिपमालाला ते एका दमात कळलं. सासूच्या चुलीपुढे तिनं दहा वर्षं हेच तर ऐकलं होतं: बाजरी उष्ण, ज्वारी थंड, बाळंतिणीला हे द्या, तापकऱ्याला ते देऊ नका.

हात बसायला सर म्हणाले, आधी फळावर टोचा. घरात फळं कुठली एवढी? भरताची वांगी होती. ती रोज संध्याकाळी वांगी पुढ्यात घेऊन सुया खुपसत बसायची. सासू झुंबरबाई पदर कमरेला खोचून बघायची आणि म्हणायची, "टोच वं माय, टोच. नाहीतरी भाजायच्या आधी टोचेच मारतो आपण." भरीत तेवढं झकास व्हायचं.

झुंबरबाई म्हणजे घराचा कणा, आणि जीभ म्हणाल तर तिखटाची पुडी. घर तिच्या नावावर, शब्द तिचा. तिचा एकच सवाल होता आणि तो ती येणाऱ्या-जाणाऱ्या प्रत्येकाला विचारायची, "सुईम्हा दवा नही, ते सुई टोचस कसाले?" सुईत औषधच नाही, मग टोचायचं कशाला? आता याला काय उत्तर द्यावं? दिपमालानं नसा, रक्त, शरीराची आपली ताकद असं सगळं समजावून पाहिलं. म्हातारी ऐकून घ्यायची आणि पुन्हा म्हणायची, "ते ठीक शे. पण दवा कोठे शे?"

तर परीक्षा झाली, राज्याच्या अ‍ॅक्युपंक्चर परिषदेत रीतसर नाव नोंदलं गेलं, आणि दिपमालानं घराच्या पुढच्या खोलीत एक टेबल, एक पडदा आणि भिंतीवर माणसाच्या आकृतीचा तक्ता लावला. नवरा योगराज पंपाच्या मोटारींचं वाइंडिंग करणारा, सालस माणूस. त्यानंच टेबल बनवून दिलं. पण त्याच वेळी त्याच्यावरही बाका प्रसंग आला. बाजारातला त्याचा गाळा मालकाला परत हवा होता आणि आखाजीपर्यंत, म्हणजे अक्षय्य तृतीयेपर्यंत, खाली करायचा होता. मग दुकान थाटायचं कुठे? घराची पुढची खोली, दुसरी जागाच नाही.

झुंबरबाईनं निवाडा केला. आखाजीपर्यंत सुनेची खोली चालली तर खोली सुनेची, आणि योगराज दुसरीकडे बघेल. नाही चालली तर तक्ता उतरायचा आणि मोटारी आत. दिपमाला कबूल झाली. करते काय, वावगं तर काहीच नव्हतं त्यात.

पहिले तीन महिने माश्या मारण्यात गेले म्हटलं तरी चालेल. कुणी कंबर घेऊन यायचं, कुणी टाच. एकदा एक गृहस्थ छातीतली कळ घेऊन आले. दिपमालानं सुईला हातही लावला नाही. रिक्षा बोलावून त्यांना दवाखान्यात धाडलं. झुंबरबाईनं कपाळाला हात लावला. "येल गिऱ्हाईकबी धाडी दिधं!"

आणि मग फाल्गुनात भिकुबाई आली.

भिकुबाईला ओळखत नाही असा माणूस मिरचीच्या पथारीवर सापडायचा नाही. लाल मिरचीच्या ढिगापुढे तीस-चाळीस बाया देठं खुडत बसतात, त्यांची ती म्होरकी. वय साठीच्या पुढे, आवाज खणखणीत. पण उजवा खांदा असा जखडला होता, की वेणी घालायला सुनेपुढे बसावं लागे आणि ते तिच्या जिवाला लागायचं. धुळ्याच्या डॉक्टरांनी फोटो काढून, व्यायाम सांगून परत पाठवलं होतं. व्यायाम कोण करतो? भिकुबाईचा खांदा सुटला तर पथारीवरच्या सगळ्या बाया येणार, हे दिपमालाला कळत होतं. आखाजीला दीड महिना उरला होता.

सोबत चार बाया तमाशा बघायला. दिपमालानं कागद पाहिले, नाडी पाहिली आणि पुस्तकात लिहिल्याप्रमाणे विचारलं, "काकू, जेवून आलात ना?"

"हां वं बहीन, जेवेल शे."

"मग पडा टेबलावर."

"दिवसाढवळ्या आडवी पडू? मी काय मरेल शे?" भिकुबाई स्टुलावर बसली ती बसलीच. नव्या माणसाला आडवंच ठेवायचं, हे सरांनी शंभरदा सांगितलं होतं. पण पहिलंच मोठं गिऱ्हाईक, वर चार बाया बघताहेत. दिपमालाला नाही म्हणवलं नाही. तिनं बसल्या जागी पाच सुया लावल्या. दोन मिनिटं झाली नाहीत तोच भिकुबाईच्या कपाळावर घाम फुटला, ओठ पांढरे पडले आणि बाई स्टुलावरून कलली.

"वं माय! मारी टाकी बुढीले!" चारही बाया एकदम ओरडल्या.

दिपमालाचे हात मात्र चुकले नाहीत. तिनं भिकुबाईला धरून खाली निजवली, सुया भराभर काढल्या, पाय उशीवर उंच केले, लुगडं सैल केलं. डोळे उघडल्यावर साखरपाणी घोट घोट पाजलं. पाच मिनिटांत भिकुबाई उठून बसली, पण कुणाशी एक शब्द न बोलता पदर डोक्यावर घेऊन निघून गेली. तिच्या आधी बातमी गावात पोचली. संध्याकाळपर्यंत भिकुबाई दोनदा मेली होती आणि एकदा तिला धुळ्याला नेलं होतं.

नऊ दिवस दारात चिटपाखरू फिरकलं नाही. दिपमाला रोज सकाळी खोली झाडायची, टेबल पुसायची आणि बसून राहायची. दहाव्या दिवशी न राहवून तिनं नवीनसरांना फोन लावला आणि घडलं ते सगळं सांगितलं.

"किती वाजता खाल्लं होतं बाईनं?" सरांनी पहिलं तेच विचारलं.

"विचारलं होतं मी, सर. जेवले म्हणाल्या."

"दिपमाला, तू कुठली?"

"साक्रीकडची."

"तुमच्याकडे कुणाच्या दारात गेलं आणि त्यांनी विचारलं, जेवलात का, तर काय सांगतात?"

दिपमालाला आता उमगलं. भुकेनं पोट पाठीला लागलं असलं तरी माणूस हो म्हणतो! नाही म्हणणं म्हणजे वाढा म्हणणं. तिच्या आईनं तिला हेच शिकवलं होतं, तिनं स्वतः जन्मभर हेच केलं होतं.

"प्रश्न पुस्तकातला विचारलास आणि उत्तर खान्देशातलं आलं," सर म्हणाले. "आणि बसवून सुया लावल्यास, तो गाढवपणा मात्र तुझा."

दुसऱ्या दिवशी ती सरळ पथारीवर गेली. ठसक्यानं डोळ्यांना धारा लागल्या होत्या, त्यातलं रडं किती आणि मिरची किती ते तिलाही सांगता आलं नसतं. सगळ्या बायांसमोर उभी राहून ती म्हणाली, "काकू, चूक माझी आहे. तुम्हाला बसवून सुया लावायला नको होत्या. तुम्ही उपाशी आहात हेही मी ओळखायला हवं होतं."

भिकुबाई देठं खुडायची थांबली. मग हळूच म्हणाली, "आदल्या दुपारपासून पाणीसुद्धा नव्हतं पोटात."

"अहो, पण का?"

"काविळीची दवा अनशापोटी, भगताची दवा अनशापोटी. म्हटलं, हाईबी तशीच. पोट रिकामं असलं तर गुण पुरा येईल." आणि मग तिनं आवाज आणखी उतरवला. "चक्कर आली त्याची लाज वाटली वं. चाळीस बायांवर हुकूम चालवते मी. म्हणून बोलले नाही. दोन दिवस खांदा मात्र कमी ठणकला."

बायका खो खो हसल्या. कुणी म्हणालं, ना सुईत दवा, ना पोटात भाकर! दिपमालाही हसली, आणि इतक्या दिवसांचं ओझं एकदम उतरल्यासारखं तिला वाटलं.

भिकुबाई पुन्हा आली. या वेळी दिपमालानं काहीच विचारलं नाही. पुढ्यात ज्वारीची भाकरी आणि उडदाच्या घुट्याची, म्हणजे घोटलेल्या डाळीची, वाटी ठेवली, आणि जेवल्यावर थोड्या वेळानं टेबल दाखवलं. म्हातारी कुरकुरत आडवी झाली. पुढे तोच रिवाज पडला: येणाऱ्यानं आधी चार घास खायचे, मग सुई. झुंबरबाईच्या दारातून कुणी नुसतं पाणी पिऊन जाणं तिला कधी खपलं नव्हतं, त्यामुळे भाकऱ्या थापायचं काम तिनं न सांगता उचललं. ताट ठेवायला ती खोलीत यायची आणि तिथेच भिंतीला टेकून बसायची. बाया तिच्याशी बोलायच्या, कुणाचं काय दुखतं, कुणाची झोप का उडाली. तिचा तो दवेचा सवाल मात्र सुटला नव्हता.

पण दीड महिना म्हणजे काय हो? त्यातले दहा दिवस तर गेलेच होते. भिकुबाईचा हात खांद्याच्या वर जेमतेम दोन बोटं जाऊ लागला होता. रोज चार, फार तर पाच माणसं. एवढ्यावर खोली चालली असं कुणी म्हणालं नसतं. आखाजीच्या आदल्या दिवशी योगराज टेप घेऊन खोलीत आला, भिंतीची लांबी मोजली आणि बायकोकडे न बघताच म्हणाला, "अजून बघू या का चार दिवस?"

"शब्द म्हणजे शब्द," दिपमाला म्हणाली. तिनं स्वतःच्या हातानं तक्ता उतरवला, गुंडाळी केली, सुयांचा डबा पिशवीत टाकला आणि पोरांना घेऊन आखाजीला माहेरी गेली. माहेरी झोके होते, गाणी होती, पुरणपोळीबरोबर आमरस होता. आईनं विचारलं, काय वं, गप का? ती म्हणाली, ऊन लागलं. तक्त्याची गुंडाळी तिनं पिशवीतून बाहेरही काढली नाही. चौथ्या दिवशी एसटीनं परत निघाली तेव्हा मनाशी ठरवलं होतं, धुळ्याला कुठे नोकरी मिळते का बघायची.

गल्लीच्या तोंडाशीच मोटारीचा खडखडाट ऐकू आला. तिचं मन खट्टू झालं. पण आवाज पुढून येत नव्हता, मागच्या गल्लीतून येत होता. ती तशीच वळसा घालून गेली. घराच्या मागच्या खोलीत, जिथे झुंबरबाई लग्न होऊन आली त्या दिवसापासून झोपत आली होती, तिथे योगराजचं यंत्र मांडलेलं होतं आणि तांब्याच्या तारेची भेंडोळी खुंट्यांना लटकत होती. म्हातारीची खाट नव्हती, पेटी नव्हती, देवाचा कोनाडासुद्धा रिकामा होता.

"आईंची खोली?" दिपमालानं विचारलं.

"मला नको विचारू," योगराज म्हणाला. "मी तीनदा नाही म्हटलं. शिव्या खाल्ल्या."

ती धावत पुढे आली. ओट्यावर एका बाजूला खाट टाकलेली, खाटेखाली पेटी, आणि खाटेवर झुंबरबाई ठाण मांडून बसलेली. सून दिसताच तिचा पट्टा सुरू झाला. "चार दिवस कोणी ऱ्हास का माहेरले? भिकुबाईले परवा बलावेल व्हतं. भिकुबाईनी भाची काल येईसन गई. मालपूरवाली मंगळवारले, टाचवाली बुधवारले. मी कितला ध्यानम्हा ठेवू?" चार दिवसांत आलेली एकेक बाई, तिचं दुखणं, तिला दिलेला वार, निरक्षर म्हातारीला सगळं तोंडपाठ होतं.

"आई, तुम्ही झोपणार कुठे?"

"ओटावर. वारा शे आठे. तुन्हा सासरा व्हता तवयपासून मन्हा मनम्हा व्हतं, ओटावर जपानं."

ही थाप होती हे ओट्यालासुद्धा कळलं असतं. दिपमालानं पिशवी टाकली, म्हातारीच्या पायाशी बसली, तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि भोकाड पसरून रडली. एवढी की पोरं घाबरली. 

झुंबरबाईनं तिच्या केसांवरून दोनदा हात फिरवला आणि तिसऱ्यांदा डोकं बाजूला ढकललं.

"मंग रडजो," ती म्हणाली. "तक्ता लाव पहिले. मझार, खोलीम्हा, सात बाया जेवी-खाई बठेल शेतस."