साडूंचा तळहात

ठोकून पाहिल्यावर जिचं दुखणं कळत नाही अशी वस्तू जगात जन्मालाच आलेली नाही, असं माझ्या साडूंचं ठाम मत आहे. भुसावळला रेल्वेत त्यांनी उभी हयात डब्यांची चाकं हातोडीने ठोकण्यात आणि आस तापलाय का ते तळहाताने बघण्यात घालवली. निवृत्त होताना हातोडी जमा केली, सवय कुणी जमा करून घेतली नाही. ते टरबूज ठोकतात, माठ ठोकतात, माझ्या नव्या फ्लॅटची भिंत ठोकून वास्तुशांतीच्या पंगतीतच अहिराणीत म्हणाले, "पाव्हना, भिंत पोकय शे." पुतणीला पाहायला आलेल्या मुलाच्या पाठीवर त्यांनी कौतुकाची थाप दिली, तीही मला तपासणीच वाटली. मुलगा पास झाला.

धुळ्याच्या आमच्या कॉलेजात मी कार्यालय अधीक्षक. सर्व्हर घेताना 'सगळ्यात साधा पुरे' असं मीच हटून सांगितलेलं. ऐन प्रवेशाच्या दिवसांत त्याची गोगलगाय झाली. एक अर्ज सेव्ह होईपर्यंत कारकुनाचा चहा पिऊन व्हायचा, बाहेर रांग फाटकापर्यंत. इंजिनिअरने दोन्ही डिस्क बदलल्या, फरक शून्य. अध्यक्ष म्हणाले, "सोमवारी यादी लागली नाही, तर तुमची खुर्ची दुसऱ्याला देतो." शनिवार उजाडला होता.

नेमके त्याच दिवशी साडू आणि अक्का, म्हणजे माझ्या बायकोची थोरली बहीण, आमच्याकडे आले होते. साडू माझ्यामागोमाग ऑफिसात आले, कुणाला न विचारता सर्व्हरला दोनदा ठोकलं आणि वर तळहात ठेवून डोळे मिटले. इंजिनिअर माझ्याकडे बघायला लागला, मी भिंतीकडे. कारकुनाने दोन-तीन अर्ज भरले. मग साडूंनी निकाल दिला, "चाकं चांगला शेतस. ब्रेक चिटकेल शे. जरासं लिखस, थांबस. लिखस, थांबस."

इंजिनिअर हसला आणि हसता हसता थांबला. त्याने सर्व्हर उघडला. डिस्ककडे जाणारा मजकूर आधी आपल्या स्मरणात धरणारं एक कार्ड आत असतं. त्याची बॅटरी मेली होती. वीज गेली तर सगळं विसरू, या धास्तीने ते काहीच स्मरणात ठेवेना. एक ओळ डिस्कवर उतरल्याशिवाय दुसरी घेईना. दुपारी जळगावहून एसटीने बॅटरी आली, सर्व्हर धावायला लागला आणि सोमवारी यादी लागली. खुर्ची राहिली.

त्या शनिवारी घरी आल्यावर मी साडूंना म्हणालो, "आबा, काय कान आहेत हो तुमचे." ते पाठमोरे हात धूत होते. मी पुन्हा म्हणालो. तेव्हा अक्का हळूच म्हणाल्या, "दोन वरीस व्हयनात, त्यास्ले काहीच ऐकू येत नही. कोनले सांगू देतस नही." दुखणं ओळखत होता तो तळहात; ते ठोकणं, ज्यावर आम्ही दोन वर्षं हसत होतो, निव्वळ आमच्यासाठी होतं. मला माझ्या हसण्याची लाज वाटली.

अजूनही दर रविवारी त्यांचा फोन येतो. फोन करणं सोडलं तर ऐकू येत नाही हे लोकांना कळेल ना. "सर्व्हर कसा शे?" असं विचारतात. मी सविस्तर सांगायला लागतो. माझं वाक्य अर्ध्यावर असतानाच पलीकडून "हां, हां, ठीक शे" येतं आणि फोन बंद होतो. मी मात्र वाक्य पूर्ण करतो.