मृगाजिनाची माशी

आमच्या मंगळवारच्या क्लबातून घरी येताना दोन गोष्टी हमखास माझ्याबरोबर येतात: हरणाचे केस आणि किस्से. केस स्वेटरला चिकटतात, मोज्यांत शिरतात, एकदा तर चक्क आमटीत सापडला. पण ते व्हॅक्यूम क्लीनरनं निघतात तरी! किस्से निघत नाहीत, साठत जातात. मग पुण्याहून कुणी मित्र फोनवर विचारतो, "काय रे, ग्लासगोच्या त्या थंडीत करतोस तरी काय?" की मी सुरू होतो, आणि माझी बायको सायली शांतपणे उठून दुसऱ्या खोलीत जाते. तिला सगळे पाठ आहेत.

क्लब म्हणजे फार काही नाही. चर्चमागचा एक हॉल, फोल्डिंगची टेबलं आणि ट्राउट मासा धरायला लागणाऱ्या नकली माश्या हातानं बांधणारी दहा-बारा माणसं. हिवाळाभर बांधायच्या, उन्हाळ्यात नदीवर न्यायच्या. मी पहिल्यांदा गेलो तेव्हा फोनला अजून बटणं होती, आणि मी एका बँकेच्या आयटीत नवा होतो. मला तिथे नेलं डॉक्टर दांडेकरांनी. मूळचे नागपूरचे, पण ग्लासगोत सर्जन म्हणून उभी हयात गेलेली. "घरी बसून डिप्रेशन येईल तुला. चल," एवढंच म्हणाले आणि गाडीत घातलं.

पहिल्याच दिवशी मी तोंड उघडलं. म्हटलं, "इतकी मेहनत कशाला? गांडूळ लावलं तर मासा येत नाही का?"

कुणाची तरी कात्री टेबलावर पडली. डॉक्टर माझ्यापासून थोडे लांब सरकून बसले, जणू आम्ही वेगवेगळ्या गाड्यांतून आलो होतो.

क्लबचा गुरू अँगस, शाळेत भूगोल शिकवून रिटायर झालेला उंच म्हातारा, आपल्या बायकोकडे वळून म्हणाला, "मोराग, याला चहा दे. आणि तो शब्द या इमारतीत पुन्हा नको!"

*

त्याच संध्याकाळी मी अँगसला पहिल्यांदा माशी बांधताना पाहिलं.

हरणाचा केस आतून पोकळ असतो, त्यात हवा असते. म्हणून त्याचे पंख लावलेली माशी पाण्यावर तरंगते. अँगसनं कातड्याच्या तुकड्यावरून चिमूटभर केस कापले, एका छोट्या नळकांड्यात घातले आणि नळकांडं टेबलावर टकटक आपटलं. केस बाहेर आले तेव्हा त्यांची टोकं एका रेषेत! मग ते गळाच्या बारीक हुकावर ठेवून दोऱ्याचे दोन सैल वेढे घेतले, आणि दोरा हळूच ओढला. तेलात टाकलेला पापड फुलावा तसे ते केस फुलले. क्षणापूर्वी काही नव्हतं, आता तिथे पंख होते.

मग मी प्रयत्न केला. माझे केस हुकाभोवती गरागरा फिरले आणि चारी बाजूंनी उभे राहिले. संडासाचा ब्रश झाला होता.

अँगसनं तो बोटांनी चाचपला. "छान," म्हणाला. "हे बघून मासा घाबरून स्वतःच काठावर येईल. मग तू हातानं उचल."

सगळे हसले, मीही हसलो. पण परतताना गाडीत डॉक्टर म्हणाले, "त्यानं तुझी माशी बघितली नाही, चाचपली. लक्षात आलं?"

आलं नव्हतं. अँगसच्या दोन्ही डोळ्यांची मधली नजर गेली होती. कडेकडेनं दिसायचं, पण ज्याच्याकडे बघावं तेच गायब. त्याच्या हातांना सगळं पाठ असल्यामुळे बांधताना अडत नव्हतं. नदीवर मात्र अडायचं. तरंगणारी माशी लांब पाण्यावर पडते, मासा ती कधी तोंडात घेतो ते डोळ्यांनी बघावं लागतं, आणि त्याच क्षणी रॉड उचलावा लागतो. आदल्या अख्ख्या सीझनमध्ये अँगसला एकही मासा लागला नव्हता.

"येत्या उन्हाळ्यातही नाही लागला, तर रॉड कुणाला तरी देऊन टाकणार म्हणतोय," डॉक्टर म्हणाले. "लहानपणापासून आहे रे तो त्या नदीवर."

*

डॉक्टरांचाही एक सांगतो, नाहीतर त्यांना वाईट वाटेल.

क्लबात परीक्षा एकच. टेबलावर पाण्याचा ग्लास असायचा. बांधलेली माशी त्यात सोडायची आणि सगळ्यांनी वाकून बघायचं. तरंगली तर पास.

डॉक्टरांना आपल्या गाठींचा भारी अभिमान. "माणसाच्या आतड्याला टाके घातलेत मी, ही तर माशी आहे!" एका मंगळवारी त्यांनी डोळ्यांना मोठं भिंग लावून अशी काही माशी बांधली की पंखाचा एक केस ओढून निघेना. गाठीवर गाठ, त्यावर वार्निश, त्यावर आणखी एक गाठ. मोठ्या ऐटीत त्यांनी ती ग्लासात सोडली.

ती थांबलीसुद्धा नाही. थेट तळाला जाऊन बसली.

मोराग किटली खाली ठेवत गंभीरपणे म्हणाली, "ऑपरेशन सक्सेसफुल, डॉक्टर. पेशंट बुडाला!"

*

त्या जानेवारीत सासूबाई आल्या. सहा महिन्यांच्या व्हिसावर, साताऱ्याहून. सोबत भाजणी, मेतकूट आणि वाती वळायला कापसाची भलीमोठी पिशवी.

माझी काळजी वेगळीच होती. डायनिंग टेबलावर माझं हरणाचं कातडं पडलेलं! मी आई म्हणतो त्या सासूबाई शुद्ध शाकाहारी, घरात अंडं आणलेलं चालत नाही. ते लपवायला मी धावलो, तोवर त्यांनी उचललं होतं. उलटंसुलटं करून बघितलं, केसांवरून हात फिरवला.

"अहो, हे मृगाजिन ना?"

मी म्हटलं, "हो... म्हणजे, तसंच."

"मग असं उष्ट्याखरकट्यात काय टाकलंत? इतकी पवित्र वस्तू!" असं म्हणून त्यांनी ते कपाटावरच्या देवघरात, बाळकृष्णाच्या मागे नेऊन ठेवलं.

झालं! पुढे दर मंगळवारी मी ऑफिसातून येऊन हातपाय धुवायचो, देवघरासमोर उभा राहायचो आणि आईंकडे चिमूटभर केस मागायचो. त्या निरांजनाला हात जोडून कापून द्यायच्या. देवासमोर उभं राहून मासेमारीचं सामान मागणारा अख्ख्या स्कॉटलंडमध्ये मी एकटाच असेन!

केस कशासाठी लागतात हे आईंनी विचारलं, तेव्हा मी खरं ते सांगितलं. त्यांनी हातातली वात वळून पूर्ण केली. मग म्हणाल्या, "आधी मला तुमचा तो मास्तर दाखवा."

*

आई हॉलमध्ये आल्या. नऊवारी नव्हे, पाचवारीच, पण वर माझं टोपीवालं जाकीट. अँगसनं उठून त्यांना स्वतःच्या शेजारची खुर्ची दिली.

माशीचं अंग बनवायला मेण लावलेल्या दोऱ्यावर सशाची लव पिळून चढवतात. दोन बोटांत धरून, एकाच दिशेनं. माझी नेहमी कुठे जाड, कुठे बारीक व्हायची. आईंनी माझी धडपड थोडा वेळ सोसली. मग म्हणाल्या, "जावईबापू, सरका. अहो, ही तर फुलवात आहे!"

जन्मभर वाती वळलेली ती बोटं. लवेवरून एकदाच फिरली. अँगसनं दोऱ्यावरून नख फिरवलं, वरून खाली, पुन्हा खालून वर. त्याचा हात थांबला.

"मोराग," तो म्हणाला, "चहा राहू दे. इकडे ये."

सगळा क्लब टेबलाभोवती गोळा झाला. अँगसनं मला विचारलं, "माझ्यासाठी एक बांधतील का त्या? पूर्ण?"

मी आईंना विचारलं. त्यांनी हात मांडीवर घेतले. "त्यांना सांगा, माझ्या हातून कुणाचा जीव जाता कामा नये."

मी भाषांतर केलं. मनात म्हटलं, संपलं.

अँगस हळू आवाजात म्हणाला, "मासा मला घरी न्यायचा नाहीये. फक्त एकदा हाताला लागायला हवा. मग मी त्याला सोडून देईन." आणि त्यानं पक्कड घेऊन हुकाचं उलटं टोक दाबून सपाट केलं, म्हणजे माशाच्या तोंडातून तो सहज सुटावा.

आईंनी ते सपाट टोक बोटानं तपासलं. "मग करते," म्हणाल्या.

कितीतरी मंगळवार अँगस त्यांना शिकवत होता. त्याला मराठी येत नाही, त्यांना इंग्रजी येत नाही, आणि मी मध्ये बोलायची दोघांनाही गरज वाटेना. तो त्यांच्या बोटांवर बोटं ठेवून दोरा किती ओढायचा ते दाखवायचा. शेवटी एकदा पंख फुलले. करड्या रंगाची, छपरासारखे पंख मिटलेली माशी. आईंनी ती ग्लासात सोडली.

तरंगली. आम्ही चहा घेतला, तरंगत होती. बिस्किटं संपली, तरंगत होती. हॉल बंद करायची वेळ झाली, तेव्हा मोरागनं ग्लास तसाच खिडकीत ठेवला. पुढच्या मंगळवारी कुलूप उघडून बघतो तर ग्लासातलं पाणी थोडं आटलेलं, आणि माशी पाण्यावर! डॉक्टरांनी टोपी काढली. चेष्टा नाही, खरोखर काढली.

*

आता शेवटचा. हा मी कुणालाही सांगतो.

जूनची संध्याकाळ, क्लाइड नदीचा वरचा भाग. पुढच्या आठवड्यात आईंचं परतीचं विमान होतं. मोराग फोल्डिंगच्या खुर्चीत, शेजारी ट्रेनर्स घातलेल्या आई, काठावर जाळी घेऊन डॉक्टर. आईंची माशी दोरीच्या टोकाला. गुडघाभर पाण्यात अँगस, आणि त्याच्या खांद्याला खांदा लावून मी. माझं काम एकच. मी त्याचे डोळे. माशानं माशी घेतली की ओरडायचं, "नाऊ!"

पहिल्यांदा मासा आला तेव्हा मी ओरडलो, "अरे बापरे, आला, आला!" तोही मराठीत. अँगसनं रॉड उचलला तोवर मासा गेला होता.

"तू आधी चकित होतोस, मग बोलतोस," तो म्हणाला. "उलटं कर."

दुसऱ्यांदा मी घाबरून आधीच ओरडलो. तिसऱ्यांदा काठावरून डॉक्टरच ओरडले, तेही वाहत आलेलं पान बघून! मग बराच वेळ काहीच झालं नाही. प्रकाश उतरत चालला. पाण्यावर तशाच करड्या, खऱ्या माश्या उतरू लागल्या. अँगसचा चेहरा मला दिसत होता, आणि तो बघवत नव्हता.

"एक शेवटचा," तो म्हणाला. "मग घरी."

त्यानं दोरी टाकली. पलीकडच्या काठाजवळ, झुकलेल्या फांदीखाली माशी अलगद उतरली. या वेळी मी श्वाससुद्धा घेतला नाही. करडे पंख मिटलेली ती प्रवाहाबरोबर हळूहळू येत होती, आणि मी तिच्यावरून नजर हलवली नाही. काही झालं नाही. मी गप्प होतो.

आणि अँगसनं रॉड उचलला.

रॉड वाकला! पाणी फुटलं, दोरी सरसरत निघाली. मोराग उभी राहिली, खुर्ची मागे कोसळली. डॉक्टर बूट-मोज्यांसकट पाण्यात! अँगस काही बोलत नव्हता. दोरी सोडत होता, घेत होता, आणि मान एका बाजूला कलती ठेवून त्या माशाला जवळ आणत होता. शेवटी तो पाण्यातच गुडघ्यांवर बसला. हात ओले करून त्यानं मासा जाळीतून दोन्ही तळव्यांत घेतला. पिवळं पोट, अंगावर लाल ठिपके. अँगसला ते दिसत नव्हते. त्यानं अंगठा डोक्यापासून शेपटीपर्यंत फिरवला, आईंची माशी त्याच्या ओठातून हळूच सोडवली आणि हात उघडले.

मासा क्षणभर तिथेच थांबला. मग गेला.

काठावर आईंनी हात जोडले होते. मोराग रडत होती, आणि डॉक्टर उगाचच जाळी पुन्हा पुन्हा झटकत होते.

मी अँगसला हात देऊन उठवलं. त्यानं माशी टोपीला खोचली, वरून बोटानं चाचपली. मग विचारलं, "तू नाऊ का नाही म्हणालास?"

"मी तिच्याकडेच बघत होतो," मी म्हटलं. "आईशप्पथ, शेवटपर्यंत नजर हलवली नाही."

"मग?"

"मग ती उडून गेली."