आयत्या वेळचा विषय : हैदराबाद

आमच्या घरची हैदराबादची सहल मी आखली, तिकिटं मी काढली, हॉटेल मी ठरवलं, आणि मी सोडून घरातले सगळे जाऊन आले. यात माझ्यावर कोणी अन्याय केला असं मी म्हणणार नाही. सगळं नियमानुसार झालं, आणि नियम माझेच होते.

मी केज तालुक्यातल्या एका लहान गावातल्या दूध संस्थेचा सचिव. संस्था सहकारी आहे, त्यामुळे तिथं खिडकीची काच बसवायची तरी ठराव लागतो. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर, मग काच. (काच अजून बसलेली नाही, पण ठराव झालेला आहे.) चौदा वर्षं सभांची इतिवृत्तं लिहून माणसाच्या अंगात ते मुरतं. एका वर्षी संस्थेत एक कोरी इतिवृत्ताची वही उरली. ती मी घरी आणली आणि दर रविवारी सकाळी ओसरीवर घरची सभा घ्यायला लागलो.

अध्यक्ष आई. सभासद बायको सुनंदा, नववीतली प्रज्ञा आणि चौथीतली शीलू. सचिव अर्थातच मी. नियम मी नऊ लिहिले होते, पण या हकिकतीला तीनच लागतात. नियम तीन : कोणत्याही सभेला सात दिवसांची नोटीस हवी. नियम पाच : तीन सभासद हजर असले की गणपूर्ती झाली. नियम सहा : गैरहजर सभासदाची हरकत नंतर ऐकली जाणार नाही.

हा सहावा नियम मी खास सुनंदासाठी केला होता. ती एकदा माहेरी पाटोद्याला गेली होती, तेव्हा मी सभा घेऊन तिची शिलाई मशीन ओसरीच्या कोपऱ्यात हलवली आणि तिच्या जागी माझं कपाट ठेवलं. ती परत आल्यावर बोलायला लागली, तेव्हा मी तिला नियम सहा वाचून दाखवला. ती आत निघून गेली. मला वाटलं विषय संपला.

शिवाय दर सभेच्या अजेंड्यावर शेवटची एक ओळ असते : ‘मा. अध्यक्षांच्या परवानगीने आयत्या वेळी येणारे विषय.’ ज्यांना सहकार माहीत नाही त्यांच्यासाठी सांगतो, वरचे विषय दाखवण्यापुरते असतात. खरं काम या शेवटच्या ओळीत होतं, लोक चपला शोधायला लागल्यावर. मी स्वतः तिथं मोठमोठे विषय मंजूर होताना लिहून घेतलेले आहेत.

त्या वर्षी पावसानं पार दगा दिला. दिवाळीतच टँकर सुरू झाले. चारा नाही म्हणून दूध आटलं, दूध आटलं म्हणून संस्थेत काम नाही. हिवाळ्यात मला आयुष्यात पहिल्यांदा चार दिवस मोकळे मिळत होते. मी सभेत विषय मांडला : हिवाळी सहल, हैदराबाद.

आईला तळ्यातला बुद्ध बघायचा होता. एवढी मोठी मूर्ती पाण्याच्या मधोमध उभी आहे हे तिनं ऐकलं होतं, आणि त्यात तिला मूर्तीइतकंच पाण्याचंही नवल होतं. पोरींना मोठ्या पाळण्यांचं उद्यान हवं होतं. सुनंदाला काही बघायचं नव्हतं. तिला तीन दिवस हंडा न उचलता राहायचं होतं.

आणि मला चहा प्यायचा होता.

हे नीट सांगायला हवं. फार वर्षांपूर्वी संस्थेच्या चेअरमनसाहेबांबरोबर मी मोठ्या शहरात एका बैठकीला गेलो होतो. साहेब हॉटेलच्या खोलीत उतरले, मी कागद घेऊन कोपऱ्यात उभा. साहेबांनी पलंगावर पडल्या पडल्या फोन उचलला, “चहा,” म्हणाले आणि ठेवला. थोड्या वेळानं दारावर टकटक झाली आणि चहा आला. एकच कप. चौदा वर्षं मी संचालक मंडळाला चहा सांगतोय, आणतोय, ओततोय. एकदा पलंगावर पडून फोन उचलावा आणि आपल्याला कोणी चहा आणून द्यावा, एवढीच माझी इच्छा होती. सुनंदाला मी ती सांगितलेली होती.

सहलीचं नियोजन अकरा पानांचं झालं. हॉटेलवरच चार सभा गेल्या. मी फोन करून प्रत्येक हॉटेलला तेच तीन प्रश्न विचारायचो : “नळाला पाणी असतं का? खोलीत फोन आहे का? फोन केला की चहा येतो का?” चौथ्या हॉटेलचा माणूस वैतागून म्हणाला, “साब, सब है, आप आओ तो सही.” मी ती खोली ठरवली. उद्यानातल्या कोणत्या पाळण्याला सकाळी गर्दी कमी असते हे शोधून तक्ता केला. साडेनऊ ते अकरा बुद्ध, अकरा ते एक चारमिनार, असं मिनिटवार लिहिलं. तिसऱ्या दिवशी सकाळी सात ते साडेसात एवढाच वेळ मी स्वतःसाठी ठेवला होता. त्यापुढं लिहिलं होतं, ‘राखीव’.

गुरुवारी निघायचं होतं. आदल्या रविवारची सभा शेवटची. सहा विषय झाले आणि बाहेर टँकरचा हॉर्न वाजला.

आमच्याकडं टँकरची पद्धत अशी की प्रत्येक घराचं टिपाड, म्हणजे दोनशे लिटरचा पिंप, रांगेत लावायचं. पण ज्या टिपाडाजवळ घरचा माणूस उभा नाही ते बाजूला सरकवलं जातं. शेजारीही दुसऱ्याचं भरत नाही, त्यावरून भांडणं झालेली आहेत. रविवारचा टँकर तेवढा माझ्याकडं असतो, म्हणून मी पेन वहीत ठेवलं, घागर उचलली आणि पळालो.

परत आलो तेव्हा पँट गुडघ्यापर्यंत भिजलेली होती. ओसरीवर चौघी फार शिस्तीत बसल्या होत्या. शीलूनं तोंडावर हात धरला होता. सुनंदानं वही उचलली आणि माझ्याच आवाजात वाचायला सुरुवात केली.

“विषय क्रमांक सात, आयत्या वेळचा. सहलीच्या काळात टँकर आल्यास टिपाडाजवळ घरचा माणूस असणे, तसेच दोन म्हशींची धार काढणे गरजेचे असल्याने मा. सचिवांनी घरी थांबावे असे सर्वानुमते ठरले. सूचक, सौ. सुनंदा. अनुमोदक, कु. प्रज्ञा.”

“सर्वानुमते कसं? मी कुठं होतो?”

“टँकरवर,” प्रज्ञा म्हणाली.

“गणपूर्ती?”

“तीन लागत्यात. आमी चौघी होतो,” तीच म्हणाली.

“माझी हरकत लिहून घ्या.”

 सुनंदानं वहीचं पहिलं पान उघडलं आणि नियम सहावर बोट ठेवलं. मग ते बोट तिथून उचलून ओसरीच्या कोपऱ्यातल्या शिलाई मशीनकडं दाखवलं.

“आरं सुधाकर,” आई म्हणाली, “मी म्हनलं व्हतं मी ऱ्हाते म्हून. तर सुनंदा म्हनली, मंग तळ्यातला बुद्ध कोन बघनार?”

खरं सांगायचं तर अकरा पानांच्या नियोजनात पाण्याचं आणि म्हशींचं कोण बघणार, हा विषय मी घेतलाच नव्हता. आपलं पाणी आपोआप भरलं जातं अशी माझी समजूत असावी. एरवी रोज भरणारीचं नाव सुनंदा होतं.

मी हार मानली नाही. विशेष सभा बोलावतो म्हणालो. “नोटीस सात दिवसांची,” सुनंदा म्हणाली, “गाडी गुरवारची.” मग मी शीलूला फोडायचा प्रयत्न केला. तू माझ्या बाजूनं बोललीस तर रेल्वेत खिडकी तुला, म्हटलं. ती म्हणाली, “पप्पा, तुमची खिडकी आता रिकामीच हाय की.”

गुरुवारी मी त्यांना परळी स्टेशनवर गाडीत बसवून दिलं. माझ्या जागेवर बॅगा आरामात टेकल्या. अकरा पानांची फाईल मी प्रज्ञाच्या हातात दिली आणि वेळेकडं लक्ष ठेव म्हणालो. ती हो म्हणाली, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

आमच्या गावात मोबाईलला रेंज फक्त पाण्याच्या उंच टाकीच्या जिन्यावर येते. टाकी बांधल्यापासून तिच्यात पाणी चढलेलं नाही, माणसंच चढतात. पहिल्या दिवशी मी पंधराव्या पायरीवर उभा राहून फोन लावला.

“बुद्ध झाला का? साडेनऊ वाजून गेले.”

“आज्जी उठंना,” प्रज्ञा म्हणाली. “गादीत पार रुतून झोपलीय. मम्मी म्हणली उठवू नको.”

आई जन्मभर पहाटे चारला उठत आली. माझ्या तक्त्यातला चारमिनार तिथंच कोसळला.

संध्याकाळी कळलं की बुद्ध बघून आल्यावर आईनं खोलीतलं मिळेल ते भांडं भरून ठेवलं. बादली, मग, ग्लास, कचऱ्याचा डबा, पाणी तापवायची किटली. हॉटेलच्या माणसानं विचारलं, “अम्मा, पानी कायकू भरके रखे?” आई म्हणाली, “कल नै आया तो?” तो माणूस खाली गेला आणि त्यानं आणखी एक बादली आणून दिली म्हणे.

दुसऱ्या दिवशी उद्यान. मी तक्ता समोर धरून फोन केला, तर पाळण्यांचा क्रम पार उलटा झालेला. उभ्या कड्यावरून खाली येणाऱ्या पाळण्यात सुनंदा तीनदा बसली होती. जिला एसटीत मळमळतं, तीच. आई लाटांच्या तलावाजवळ दोन तास बसून होती.

“एवढं पानी नुसतं हालवत्यात रं,” ती मला म्हणाली. “मी इचारलं त्येला, रोज फेकून देता का? तर न्हाई म्हनला, तेच गाळून घेत्यात. मंग जिवाला बरं वाटलं.”

तिसऱ्या दिवशी सकाळी सात वाजता मी पुन्हा पंधराव्या पायरीवर. माझी राखीव वेळ होती आणि मला घरात बसवेना. फोन सुनंदानं उचलला, पण बोलायला आईला दिला.

“आरं, त्या च्याची काय भानगड हाय तुजी? सुनंदा सांगू लागली. कसा मागवायचा ते सांग. तुज्या नावानं पिते.”

मी म्हणालो, “पलंगावर बस आधी. उशाला फोन असेल तो उचल. नऊ दाब.”

“दाबला.”

तेवढ्यात खाली हॉर्न वाजला. आमच्या शेजारचा नामदेव, मेंढरंवाला, टाकीखालून ओरडला, “सुधाकर, टँकर आला बे. उतर खाली.”

“दोन मिनिटं,” मी म्हणालो.

तिकडं आई खोलीच्या फोनवर बोलत होती. “हां, च्या लाव. पाँच कप.” पलीकडून कोणीतरी म्हणालं, “अम्मा, चार लोगां हैं ना?” “एक मेरा पोट्टा है,” आई म्हणाली, “वो गाँव में है. पाँच लाव.”

आता सांगा, मी कसा उतरणार होतो? मी उभा राहिलो. नामदेवच्या आणखी दोन हाका आल्या. फोनमधून टकटक ऐकू आली, कपबश्या वाजल्या, आणि आईनं बशीतून भुरका मारला तोही स्वच्छ ऐकू आला.

“कसा आहे?”

“पानचट हाय. आपल्या म्हशीची सर न्हाई. पर बसल्या जागी आनून देत्यात रं. तुजा कप इथं ठिवलाय.”

मी खाली उतरलो तेव्हा टँकर गेला होता. आमचं टिपाड बाजूला पालथं पडलं होतं आणि नामदेव त्यावर बसला होता.

“कुठं व्हता बे?”

“हैदराबादला,” मी म्हणालो, “चहा प्यायला.”

त्यानं मला त्याच्या टिपाडातून दोन घागरी दिल्या. त्या म्हशींनीच संपवल्या.

घरचे परत आले. सुनंदानं बॅग खाली ठेवण्याआधी टिपाडावरचं झाकण उचललं, आत बघितलं आणि परत ठेवलं. तीन दिवस ज्या कामासाठी मला ठेवलं होतं, त्याचा तो अहवाल होता. मी सगळं खरं सांगितलं. ती हसेल असं वाटलं नव्हतं, पण ती हसली, आणि मग भिंतीला टेकून बराच वेळ हसत राहिली.

आईनं बॅग उघडली. आत पाण्याच्या आठ सीलबंद बाटल्या होत्या आणि चहाच्या पुड्या. “हाटेलवाले रोज ठिवत व्हते खोलीत. आमी नळाचं पेलो. हे तुला आनलं.” सुनंदानं त्याच पाण्याचा, त्याच पुड्यांचा चहा केला. मी बाजेवर पडलो होतो, तिथं तिनं तो आणून दिला. पानचट होता. मी दोन कप घेतले आणि त्याच संध्याकाळी तिची मशीन उचलून पुन्हा जागेवर ठेवली. त्यासाठी ठराव घेतला नाही.

पुढच्या रविवारी सभा झाली. सहल यशस्वी झाल्याबद्दल सचिव सोडून सर्वांचे आभार मानले गेले. पुढच्या वर्षीच्या सहलीचा विषय निघणार एवढ्यात बाहेर हॉर्न वाजला. सगळ्यांनी माझ्याकडं बघितलं.

“टँकर,” सुनंदा म्हणाली.

“आधी आयत्या वेळचे विषय,” मी म्हणालो.

“जाईल की तो.”

“जाऊ द्या. मी उठत नाही.”

शेवटी अध्यक्षांनाच दया आली. “लिव,” आई म्हणाली. “सचिव घरी ठिवून काईच उपेगाचा न्हाई, तवा म्होरल्या बारीला त्येला संगं न्यावं.” अनुमोदक मीच झालो. तसं चालत नाही, पण कोणी हरकत घेतली नाही. ठराव लिहिला, सगळ्यांच्या सह्या घेतल्या आणि मगच मी घागर उचलून पळालो. वही मात्र काखेत मारून नेली.