भांडायला खिडकी

नाशिकला मुक्कामी होतो, म्हणून डिजिटल चलनात पैसे ठेवणाऱ्या क्रिप्टोवाल्यांच्या बैठकीत नवखा म्हणून जाऊन बसलो. "इथे बँक नाही, साहेब नाही!" वक्ता म्हणाला आणि मी मनापासून टाळ्या वाजवल्या. साहेबशाहीविरुद्ध पत्रकं वाटतच मी वाढलोय.

मग एक निवृत्त शिक्षिका उठल्या. त्यांच्या खात्याची चावी म्हणजे बारा शब्द. ते लिहिलेल्या एकुलत्या कागदाचा धुण्यात लगदा झाला होता.

"तक्रार कुणाकडे करू?"

"कुणाकडेच नाही, काकू. शब्द गेले की पैसे गेले," वक्ता म्हणाला.

"मग भांडू तरी कुणाशी?"

काकूंनी तो लगदा रुमालात जपून गुंडाळला आणि त्या खाली बसल्या.

साहेब मला आजही नकोच आहे. पण काकूंना मूठ आपटायला बँकेत असते तशी एक खिडकी तरी हवी होती.