हात मागे बांधून शिकवणारे गमरे सर

गमरे सरांची आणि माझी ओळख झाली ती मी जिवंत आहे की नाही या प्रश्नावरून. आमचे हे गेल्यावर त्यांची पेन्शन मला लागली. त्यासाठी वर्षातून एकदा हयातीचा दाखला द्यावा लागतो. पूर्वी बँकेत जाऊन खिडकीसमोर उभं राहिलं की काम व्हायचं. मग ते फोनवर आलं. आपलं तोंड फोनपुढे धरायचं, तो सांगेल तेव्हा डोळे मिचकवायचे, मग तो मानतो. मी दुपारभर डोळे मिचकवत बसले. फोन एकच सांगे, चेहरा सापडला नाही. मुलगा कामावर, सून कामावर, घरात मी एकटी. काचेत माझंच काळं तोंड दिसतंय आणि खाली लिहून येतंय की इथे कोणी नाही. मी उठून आरशात बघून आले. आरशात होते मी. तरी पटेना, म्हणून चपला घातल्या आणि विहाराकडे गेले.

विहाराच्या हॉलमध्ये सर एकटेच वायरी जोडत बसले होते. त्यांनी माझा फोन हातात घेतला नाही. दोन्ही हात पाठीमागे बांधून नुसते वाकून बघितले आणि म्हणाले, "ताई, खिडकीकडे पाठ करून बसला होता का?"

"हो. बाहेर ट्रकची धूळ असते, म्हणून."

"मग उजेड तुमच्या मागं. त्याला नुसती सावली दिसते. तोंड उजेडाकडे करा."

मी वळले, डोळे मिचकवले, हिरवी खूण आली. सर म्हणाले, "झालात जिवंत." आणि परत वायरी जोडायला लागले.

तर अशा आपल्या गमरे सरांना पंच्याहत्तर वर्षं पूर्ण झाली, त्यानिमित्त विहारातर्फे हे पुस्तक निघतंय. सर्व वाचकांना माझा जयभीम. मी चौथी शिकलेली. हा लेख मी हातानं लिहीत नाही, बोलते आहे, फोन लिहून घेतोय. हेही सरांनीच शिकवलं. पण फोनने लिहिलेलं जसंच्या तसं पाठवायचं नाही, चष्मा लावून वाचायचं, असा सरांचा दंडक आहे. यंत्र ऐकतं तेवढंच लिहीत नाही, मधेमधे आपल्या मनाचंही घालतं, असं ते म्हणतात. तेव्हा सगळं वाचून घेतलं आहे.

सर पावणे गावच्या एका कारखान्यात ऑफिसमध्ये होते. निवृत्त झाल्यावर तिथला जुना कॉम्प्युटर मागून घेतला आणि तुर्भ्याच्या आपल्या विहारात आणून ठेवला. रविवारी दुपारी वर्ग. यायला वयाची अट नाही, पण येतो तो बहुतेक गुडघे धरूनच येतो. सरांनी आम्हाला काय काय दिलं ते सांगायला बसले तर पुस्तक मला एकटीला पुरणार नाही. फोनने कागदाचा फोटो असा काढायचा की झेरॉक्स वाटावी. रेशनकार्ड, आधार हे फोनमधल्या सरकारी तिजोरीत ठेवायचं, म्हणजे पावसात भिजत नाही. गोळ्यांची वेळ झाली की घंटी. बस कुठवर आली ते बघणं. इंग्रजीतलं पत्र कॅमेऱ्यासमोर धरलं की मराठीत वाचून दाखवणं. आणि फोनवर कोणी घाई करायला लागला की, "थांबा, फोडणी उतरवून येते," असं सांगून फोन ठेवणं. हे शेवटचं कुठल्या कंपनीचं नाही, सरांचं स्वतःचं आहे. वर्गातली आमची कमल, माझी जुनी शेजारीण, त्यामुळेच एकदा फसता फसता वाचली.

सरांची मोठी खोड म्हणजे ते कोणाचंही बटण दाबत नाहीत. कधीच नाही. मागे उभे राहतात, हात पाठीवर. पायात रबरी चपला, त्यामुळे कधी येऊन उभे राहिले कळत नाही, मानेमागे थोडं गार वाटतं इतकंच. कमल एकदा रडकुंडीला आली, "सर, तुमीच दाबा की एकदा. तुमाला काय जड हाय?" सर म्हणाले, "आज मी दाबलं तर उद्या परत मलाच हाक माराल. मी असेन, नसेन. बोट तुमचं."

पासवर्डच्या बाबतीतही तसेच कडक. "पासवर्ड म्हणजे पोलक्यातलं पाकीट. दुसऱ्याला दाखवायचं नसतं." त्यावर कमल म्हणाली, "सर, माझं मलाच घावत नाय." वर्गात कोणाला आठवेना. शेवटी जुने फोटो कॉम्प्युटरमध्ये भरायचं काम निघालं तेव्हा सर हरले आणि सगळ्यांसाठी एकच खातं काढलं. आमच्यासारख्यांच्याच वर्गात असं होऊ शकतं. सगळ्या घरांचे फोटो एका डब्यात. सरांना ते पटलं नव्हतं, तसं त्यांनी तेव्हाच बोलून दाखवलं होतं.

आता जे सांगायचं आहे ते त्या डब्यातलं.

मला माझ्या मुलाच्या, संतोषच्या, आधी एक मुलगी होती, मंदा. तेव्हा आम्ही खाणीजवळच्या झोपड्यांत राहत होतो, कमलचं माहेरही तिथंच. पाच वर्षांची असताना तापात गेली. तिचा एकच फोटो आहे, ठाण्याच्या स्टुडिओत काढलेला. पांढरा फ्रॉक, त्याला माझ्या लुगड्याच्या काठाची कॉलर, मी हातानं शिवलेली. तो फोटो मी सगळ्यात आधी भरला. सरांनी शिकवल्याप्रमाणे त्याखाली अंदाजानं सालही घातलं, म्हणजे जुने फोटो आधी लागतात. मग माझ्या फोनमधले फोटो गेले.

त्या कॉम्प्युटरला चेहरे ओळखायची सवय आहे. एकेका माणसाचं तोंड गोलात कापून लावतो आणि त्याचे सगळे फोटो त्या गोलामागे ठेवतो. पुढच्या रविवारी मी मंदाचा गोल उघडला. एकच फोटो असणार हे मला माहीत होतं. पण मागे ओळ लागली होती. पहिली मंदा, कॉलरवाली. मग मंदा शाळेच्या गणवेशात. मग मंदाचे पुढचे दात पडलेले. मग दात आलेले. दोन वेण्या. मग मंदाला चष्मा लागला. मग मंदा सातवीत, दारात उभी, माझ्याकडे बघून हसतेय.

ती ऋतुजा होती, माझी नात. ती पहिलीत असताना मला फोन मिळाला, त्याआधीचे तिचे फोटो सुनेच्या फोनात. म्हणून या डब्यात पाच वर्षांवर मंदा थांबते आणि सहाव्या वर्षी ऋतुजा सुरू होते, मधे फट नाही. मला हे समजत होतं. समजूनही मी ओळ पुन्हा पहिल्यापासून बघितली. मोठी झाली होती पोर. कोणी न सांगता, त्या पेटीत बसून, हळूहळू मोठी झाली होती.

मग मी फोनवरही रोज दुपारी तेच उघडायला लागले. घरात भांडं वाजलं तरी वाटायचं, आली. एकदा ऋतुजा शाळेतून आली आणि माझ्या तोंडून गेलं, "मंदे, आधी हात धू." ती आतून म्हणाली, "आले." तिनं दुसरं काही विचारलं नाही. मला मात्र पाण्याचा नळ सुटल्याचा आवाज येत राहिला आणि मी जागची हलले नाही.

सून अश्विनीनं फोन बघितला तेव्हा ती पांढरी पडली. "आई, जिवंत पोरीला कुठं बसवलंय तुमी?"

"मी नाही बसवलं. त्यानं बसवलं."

"कोणी का बसवेना. हे आजच्या आज निघालं पाहिजे. नाहीतर तो वर्ग बंद." ती तशी रागीट नाही. घाबरली होती, आणि तिचं चुकत नव्हतं.

काढायचं म्हणजे काय हे मला ठाऊक होतं. पडद्यावर दोन तोंडं शेजारी येतात आणि खाली विचारतात, ही एकच व्यक्ती आहे का? 'नाही' दाबलं की ओळ तुटणार. मंदा परत पाच वर्षांची होणार आणि तिथेच राहणार. माझ्यानं ते होईना.

रविवारी अश्विनीनं ऋतुजाला माझ्याबरोबर पाठवलं, मी काढते का नाही ते बघायला. दुपारी दीडदोनचा सुमार, हॉलवरचे पत्रे तापलेले. तेवढ्यात वीज गेली. पंखे थांबले, कॉम्प्युटर खालच्या बॅटरीवर चालू राहिला आणि ती बॅटरी टुक टुक करायला लागली. बाहेरून ट्रक गेला की खिडक्या थरथरत. अंधाऱ्या हॉलमध्ये उजेड फक्त त्या दोन तोंडांचा.

मी म्हटलं, "सर, आज एकदा तुम्ही दाबा. मी डोळे मिटते."

वळून बघितलं तर सर होते, हात पाठीवर. चेहरा दिसत नव्हता, खिडकी त्यांच्या मागे होती.

कमल म्हणाली, "दाबा की हो सर. तिच्याकडं बघा तरी." सर हलले नाहीत. मला त्या घडीला त्यांचा राग आला होता, हे गौरवाच्या लेखात लिहू नये, पण आला होता.

ऋतुजा इतका वेळ पडद्याकडे टक लावून बसली होती. तिनं मला हळूच विचारलं, "आजी, यात मी कुठून सुरू होते?"

सरांनी मागे श्वास घेतला तो मला ऐकू आला.

मी तिचं बोट धरून गणवेशाच्या फोटोवर ठेवलं. "इथून. ही तू. पहिलीचा पहिला दिवस, रडत होतीस." आणि मी 'नाही' दाबलं. ते यंत्र इतकं चिवट, एकदा सांगून ऐकत नाही. दात पडलेली? नाही. वेण्यांची? नाही. चष्म्याची? नाही. प्रत्येक वेळी मंदाचं तेच तोंड डाव्या बाजूला, माझ्याकडे बघत. प्रत्येक 'नाही' मी तिच्यासमोर म्हटलं.

ऋतुजा संपली. मग अजून एक आला, आणि तो ऋतुजाचा नव्हता.

काळापांढरा फोटो. लग्नाचा मांडव, माणसांची दाटी. कडेला मांडवाच्या खांबाशी एक पोर, मूठ तोंडाशी. पडद्यावर डावीकडे मंदाचं तेच स्टुडिओतलं तोंड. एकच व्यक्ती आहे का?

कमल म्हणाली, "अगं, हे आमच्या दादाचं लगीन. मीच भरलेला फोटो हाय हा." मग ती पडद्याजवळ सरकली आणि म्हणाली, "पण तुमी कोणी नव्हता आला. मंदाला ताप होता तवा."

होता. त्या दिवशी मी तिला झोपवून पाण्याला गेले होते, रांग मोठी होती. परत आले तेव्हा ती होती तशीच गोधडीत होती. त्यानंतर ती उठली नाही. मी सरांकडे बघितलं. ते पुढे वाकून, पण हात मागेच ठेवून म्हणाले, "मोठा करून बघा, ताई. दोन बोटांनी तुमच्या फोनवर करता तसं, इथे माऊसचं चाक."

मी चाक फिरवलं. फ्रॉक पांढरा. कॉलर माझ्या लुगड्याची. मुठीतून बुंदी सांडत होती.

इतकी वर्षं माझ्या मनात ती पोर गोधडीतच पडून होती. ती उठून गेली होती. तापात, एकटी, मला न सांगता, लग्नाची बुंदी खाऊन परत येऊन झोपली होती. मी 'हो' दाबलं. मला हसू आलं, आणि कमलनं माझ्या पाठीत धपका घातला, "फुकटात जेवली की गं तुजी पोर."

सर एवढंच म्हणाले, "आता दोघींना नावं द्या." मी बोलले, यंत्रानं लिहिलं. मंदा. ऋतुजा. वाचून बघितलं, बरोबर होतं. मग वीज आली.

त्या आठवड्यात सर आमच्या घरी आले. जिना चढून दम लागला होता. बुंदीचा फोटो त्यांनी मोठा करून काचेत बसवून आणला होता. तो त्यांनी माझ्या हातात दिला नाही, अश्विनीच्या दिला. "सूनबाई, कुठं लावायचा ते तुम्ही ठरवा." अश्विनीनं बराच वेळ धरून ठेवला. मग ऋतुजाच्या अभ्यासाच्या टेबलावरच्या भिंतीत खिळा ठोकायला संतोषला सांगितलं आणि सरांना म्हणाली, "चहा घेतल्याशिवाय जायचं नाही." सरांचा स्वभाव मला त्या दिवशी पुरता कळला. ज्याचं त्यानं ठरवायचं, पण ठरवताना मागे माणूस पाहिजे, म्हणून ते मागे असतात.

परवा कॉम्प्युटरनं परत विचारलं. कोणाच्या तरी जुन्या फोटोत पाण्याच्या पिंपामागून एक पोर डोकावतंय, अर्धंच तोंड, तेही हललेलं. ही मंदा आहे का? मी खूप वेळ बघितलं. कॉलर दिसत नाही. सरांना विचारलं तर म्हणाले, "ठरत नसेल तर राहू दे, ताई. विचारतंय तोवर ते शोधतंय." म्हणून मी काहीच दाबलेलं नाही. दर रविवारी ती पिंपामागे असते.

सर, मला तुमची गरज आहे ती एवढ्यासाठी. तो प्रश्न संपेपर्यंत तुम्ही मागे उभे राहायला हवेत, आणि तो लवकर संपेल असं वाटत नाही. वर्गात आम्ही एक ठरवलंय, ते इथे छापून टाकते म्हणजे तुम्हाला नाही म्हणता येणार नाही. यापुढे तुमचा स्वतःचा हयातीचा दाखला तुम्ही आमच्यासमोर द्यायचा, दरवर्षी. फोन कमल धरणार. तुमची साखर ताब्यात राहो, गुडघे जिना चढोत, नजर अशीच लांबून बारीक अक्षर वाचो, आणि हे दाखले इतके होवोत की फोनच कंटाळावा. आम्ही सगळे तुमच्यामागे हात बांधून उभे राहू. कोणी काही दाबणार नाही. फक्त एवढंच सांगू, सर, तोंड उजेडाकडे करा.

आपल्या वर्गातली,
लीला आजी, तुर्भे