आईकडून घोकून घेतलेलं

आईच्या पोटातल्या गाठीने दोन औषधांना जुमानलं नव्हतं. तिसरं औषध अजून बाजारात यायचं होतं. सोलापुरातल्याच एका दवाखान्यात त्याची चाचणी चालली होती आणि तिथे एक जागा शिल्लक होती. एकच. मी शाळेत अर्ध्या दिवसाची रजा टाकली, आईला रिक्षात बसवलं आणि थेट तिथे गेले.

डॉक्टरीणबाईंनी शांतपणे सगळं समजावलं. निम्म्या लोकांना नवं औषध, निम्म्यांना जुनंच. कुणाला काय ते त्यांच्याही हातात नाही. उलट्या होतील, सारखं रक्त काढावं लागेल, गुण येईलच असं नाही. आई मान डोलवत होती. मग बाई म्हणाल्या, "आजी, आता हेच तुमच्या शब्दांत सांगा बघू."

आईने पदर सावरला. "तुमी शिकल्याली मानसं. तुमी म्हणाल तितं अंगठा करते की."

झालं! बाईंनी कागद मिटला. "असं नाही चालत, आजी. उद्या परत बोलू."

माझं टाळकंच फिरलं. इथे माणूस मरायला टेकलंय आणि ह्या तोंडी परीक्षा घेतायत! "द्या इकडं, मी करते सही," मी म्हटलं. बाई म्हणाल्या, "त्या शुद्धीवर आहेत ना? मग तुमची सही चालत नाही." जागा उद्यापर्यंत राहील, एवढं मात्र त्यांनी कबूल केलं.

संध्याकाळी मी आईला घेऊन बसले. जन्मभर ढ पोरं पास केलीत, आईला करणार नाही? ती चटणीसाठी शेंगा फोडत होती, मी विचारत होते.

"औषध नवं मिळणार का?"

"मिळंल, न्हाय तर न्हाय."

"आणि नको म्हटलं तर?"

"तरी बी दवाखाना हाय तसा बगणार." शेंग फोडता फोडता ती थांबली. "खरंच रागवत न्हाईत?"

"नाही गं आई, नियमच आहे तसा. पुढचं सांग."

दुसऱ्या दिवशी आईने सगळं धडाधडा सांगितलं. एक शब्द चुकली नाही. मला तर तिथेच टाळ्या वाजवाव्याशा वाटल्या. बाईंनी शाईचा पॅड पुढे सरकवला.

आईने हात मागे घेतला. "मग मला नको."

"आई! काय बोलतीयेस तू?"

ती माझ्याकडे बघेचना. बाईंनाच म्हणाली, "लगीन ठरलं तवा कुनी इचारलं न्हाय. पिशवी काडली तवा बी सही मालकांचीच. तुमी पयल्यांदा इचारलंत, बाई. मला आता सुया नकोत. घरी ऱ्हायचंय."

मी बाईंचे पाय धरले. खरंच धरले, लोकांदेखत. तिला कळत नाही हो, म्हटलं, ती अडाणी आहे, पुन्हा विचारा तिला. बाईंनी मला उठवलं. त्यांचेही डोळे भरले होते. "त्यांना कळलंय," त्या म्हणाल्या, "तुमच्यादेखतच सांगितलं ना त्यांनी."

येताना रिक्षात मी ढसाढसा रडत होते. आईने माझा हात मांडीवर घेतला आणि थोपटत राहिली.

"गप की," ती म्हणाली. "लई चांगलं शिकवलंस, पोरी."