दिवाळीच्या सुट्टीचा अर्ज

श्रीरामपूर तालुक्यातल्या बेलापूरजवळच्या एका बालगृहात दर दिवाळीला परदेशी मुली सेवा करायला येतात. तीन आठवडे राहतात, आमच्या पोरींना चित्रं काढायला शिकवतात, भिंती रंगवतात आणि जाताना रडतात. मी तिथं आठवड्यातून दोनदा शिवण शिकवायला जात असे. पाहुण्यांसमोरच्या नाचासाठी छोट्या नऊवाऱ्याही मीच शिवल्या. फाटकावर इंग्रजीत 'अनाथाश्रम' अशी पाटी होती. दोन वर्षं मी ती वाचून आत जात होते आणि एकदाही विचारलं नाही, खरंच का? ही चूक माझी.

मागच्या धनत्रयोदशीला रंगीत तालीम चालू असताना एक बाई फाटकाशी येऊन उभी राहिली. पाथर्डीकडची, तीन एसट्या बदलून आलेली. नाचात मधोमध उभी राहणारी आठ वर्षांची पोर रांग सोडून तिच्याकडे धावत सुटली.

"कोण गं ही?" मी विचारलं.

"आई." एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

आई ऊसतोडीला निघाली होती. मुकादमाचा ट्रॅक्टर भाऊबीजेच्या दुसऱ्या दिवशी सुटणार, मग शिमग्यापर्यंत भेट नाही.

"चार दिस द्या लेकीला," ती मला म्हणाली. "धाकला भाऊ वाट बघतोय. तिचा मामा आनून सोडीन माघारी."

संचालक बाहेर आले. "सुट्टी नंतर देऊ. उद्या पाहुण्यांपुढे कार्यक्रम आहे."

"नंतर आई कुठं असेल?" मी म्हटलं.

"मॅडम, त्या मुली सातासमुद्रापलीकडून आल्यात. इथं मुलीच दिसल्या नाहीत तर त्या करतील काय?"

"भिंती रंगवतील."

"तुम्ही शिवणाचं बघा."

माझं डोकं फिरलं. कुणाला तरी माया करायला मिळावी, म्हणून आई असलेल्या पोरीनं अनाथ दिसायचं! आणि त्या देखाव्याचे कपडे मी शिवायचे!

शिवणवर्गातला कोरा कागद घेऊन मी आईच्या नावानं सुट्टीचा अर्ज लिहिला आणि शाईचं पॅड तिच्यापुढे सरकवलं.

"मला सही येती," ती म्हणाली. एकेक अक्षर दाबत तिनं सही केली. मी खजील झाले, पण माफी मागायला वेळ नव्हता.

अर्ज संचालकांपुढे धरला. "नाही म्हणायचं तर खाली कारण लिहा, पाहुण्यांना दाखवायला मुलगी हवी आहे म्हणून. एक प्रत मी बाल कल्याण समितीकडे नेते."

त्यांनी पेन उघडलं, माझ्याकडे बघितलं आणि मंजुरीची सही केली. "नऊवारी तेवढी काढून ठेवा."

"ती माझी आहे. पोर ती घालूनच जाईल."

पाहुण्यांपैकी एक, एकोणीस-वीस वर्षांची, हातात रंगाचा ब्रश घेऊन हे बघत होती. "ही बाई कोण?" तिनं इंग्रजीत विचारलं.

"तिची आई."

तिचा चेहरा लाल झाला. "मला कुणी सांगितलंच नाही."

"तू विचारलं नाहीस. मीही नाही."

मायलेकी श्रीरामपूरच्या रिक्षात बसल्या. पोरीनं मागं वळूनसुद्धा बघितलं नाही, आणि तेच बरोबर होतं.

मी आत वळले तोच संचालक म्हणाले, "दिवाळीनंतर शिवणवर्ग बंद ठेवतोय."

ठीक आहे म्हटलं. कात्री, टेप, दोरे पिशवीत भरायला लागले. दारात तीन पोरी उभ्या होत्या, अजून नाचाच्या कपड्यांतच. त्यांतली सोनई गावची थोरली पुढं आली.

"बाई, जायच्या आधी माझा पन अर्ज लिहा ना. माझ्या आजीला बी सही येती."

मी पिशवी खाली ठेवली आणि कागद मागितला.